सौम्य लिहिलेला कॅन

"मॅडम, वायच हे बगा. पुसून पुसून दमले. धुकं जातच नाय."

सोमवारी सकाळी साडेदहाला सुमन वयनींनी आपला चष्मा माझ्या टेबलावर ठेवला. मी आधीच वैतागलेली होते. लॅबमधलं पीएच मीटर सकाळपासून नखरे करत होतं. एका नमुन्यात बुडवलं तर आधी ३.४ दाखवलं, मग ३.६, मग ३.९. आकडा एका जागी थांबेना. त्यात हा चष्मा.

मी ओढणीच्या टोकाने भिंगं पुसली. डाग तसेच. कापसावर स्पिरिट घेऊन घासलं. तसेच. उजव्या भिंगावर पांढरट ठिपके होते आणि डाव्यावर एक मोठा ओघळ, वरून खाली आलेला. मी त्यावरून नख फिरवलं तर खरखरीत लागलं. डाग काचेवर बसला नव्हता. काचच तेवढी खाल्ली गेली होती.

हल्ली चष्म्याची भिंगं प्लॅस्टिकची असतात. वयनींचा चष्मा जुना, खऱ्या काचेचा. हे मुद्दाम सांगते, कारण भिंगं प्लॅस्टिकची असती तर हे डाग पडलेच नसते, आणि मला पुढचं काही कळलंही नसतं.

मी रत्नागिरीतल्या एका मासे प्रोसेसिंग प्लांटमध्ये क्वालिटी बघते. म्हणजे आलेली मासळी ताजी आहे का, पाणी स्वच्छ आहे का, टेबलांवर जंतू आहेत का, हे तपासून सह्या करायच्या. शिक्षण केमिस्ट्रीचं. सव्वीस वर्षं झाली. सुमन वयनी माझ्याही आधीपासून आहेत. माहेर बुरोंडीचं, सासर इथलंच बंदरावरचं. नवरा खलाशी. कोळंबी सोलायला त्यांच्यासारखा हात अख्ख्या प्लांटमध्ये नाही. पाठीतला काळा दोरा त्या बघून काढत नाहीत, बोटाला लागला की काढतात. डोळे कधीचे अधू झालेत, पण त्यांचं काम बोटांवर चालतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा प्लांटही बंद. एरवी कॉम्प्रेसरच्या घरघरीत आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलतो. तो आवाज थांबला की प्रोसेसिंग हॉल ओळखू येत नाही. पन्नास स्टीलची टेबलं, वर एकच ट्यूब चालू, आणि कुठून तरी थेंब थेंब पडल्याचा आवाज, जो कुठून येतो ते मला आजतागायत सापडलेलं नाही. आपण हळू बोललो तरी पलीकडच्या भिंतीवरून कुणीतरी तेच पुन्हा बोलल्यासारखं वाटतं. या दोन महिन्यांत फक्त साफसफाई चालते. वयनी, आणखी दोघी बायका, आमचे सुपरवायझर दळवी, आणि मी.

खाऱ्या हवेने स्टीलवर गंजाचे डाग पडतात. फरशीवर जांभ्याच्या मातीची लाली चढते. साबणाने ती हटत नाही. म्हणून दळवींनी एक नवा रस्ट रिमूव्हर मागवला होता. शनिवारी तो आला. पांढरा प्लॅस्टिकचा कॅन, आत पाण्यासारखं रंगहीन द्रव, आणि लेबल म्हणून नुसता एक कागद. तोही पावसात भिजून अर्धा गळून गेलेला. सप्लायरने सुरक्षेची माहिती देणारा कागद, ज्याला आम्ही एमएसडीएस म्हणतो, तो मागाहून पाठवतो म्हणून सांगितलं होतं.

"मॅडम, कडक आहे का हो हे?" दळवींनी विचारलं.

मी लॅबमधून पीएच पेपर आणला. हा कागद आंबट द्रवात बुडवला की रंग बदलतो, आणि रंगावरून आकडा कळतो. सात म्हणजे साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं आंबट. एकेक आकडा खाली म्हणजे दहापट. तीनच्या मानाने दोन दहापट आंबट आणि एक शंभरपट. आमच्याकडे संडासाला जे हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरतात त्यात कागद टाकला तर तो थेट शून्याच्या रंगाला जातो.

इथे आला तीन. फार तर साडेतीन.

"काही नाही हो," मी म्हणाले. "तुमच्या घरातलं आगळ याच्यापेक्षा आंबट असतं."

हे मी हवेत बोलले नव्हते. आगळ म्हणजे सोलकढीसाठीचा कोकमाचा घट्ट रस. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो. एकदा कँटीनच्या बाटलीत मीटर बुडवून मी स्वतः बघितला होता. दळवी हसले. वयनी शेजारीच उभ्या होत्या, त्याही हसल्या.

"मग कॅनवर मराठीत काहीतरी लिहा," दळवी म्हणाले. "बायकांना कळायला पाहिजे."

ही गोष्ट मला फार पटली. इंग्रजी लेबलं कोण वाचतं? मी मराठी शाळेत शिकलेली. आमच्या पुस्तकात स्ट्राँग अॅसिडला तीव्र आम्ल आणि वीक अॅसिडला सौम्य आम्ल म्हणत. मी जाड मार्कर घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: सौम्य आम्ल, पीएच ३. अक्षराबद्दल मला शाळेपासून अभिमान आहे.

मग एका काचेच्या बीकरमध्ये थोडा नमुना काढून घेतला. सोमवारी मीटरवर पक्का आकडा घ्यावा, म्हणून झाकण ठेवून तो कपाटाजवळ ठेवला. तेवढ्यात वयनींनी एका टेबलावर ते द्रव ब्रशने लावून बघितलं. अर्ध्या तासात त्या मला बोलवायला आल्या.

"घासायला लागतच नाय मॅडम. नुसता लावायचा नि बगत बसायचं. डाग आपसूक जातो. जनू कोन खातोय त्याला."

मी जाऊन बघितलं. खरंच. तांबडा डाग कडेकडेने आत आत ओढला जात होता, आवाज नाही, फेस नाही, वास नाही. तीव्र अॅसिड असलं की नाकात झोंबतं, धूर निघतो, ते आपण आहोत असं ओरडून सांगतं. हे गप्प होतं. मला त्याचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. 

तर सोमवारी सकाळी तो चष्मा हातात घेऊन मी बसले होते. काच घासली जाते, फुटते, तडकते. काच आंधळी होत नाही. मी सहज मान वर केली आणि समोर शनिवारचा बीकर दिसला, सकाळपासून मीटर ज्यात बुडवत होते तोच.

द्रव जिथपर्यंत होतं तिथपर्यंत बीकर धुरकट होता. त्या रेषेच्या वर लख्ख. मी तो पालथा करून धुतला, पुसला, उजेडासमोर धरला. आतून पांढरा पडला होता, दूध पिऊन ठेवलेल्या ग्लाससारखा. मग मीटरचा इलेक्ट्रोड वर उचलला. त्याच्या टोकाला कांद्याच्या पातीइतक्या पातळ काचेचा फुगा असतो, त्यातूनच तो पीएच ओळखतो. तो फुगाही मंद झाला होता. मीटर नखरे करत नव्हतं. मी ज्याचं माप काढत होते ते मीटरलाच खात होतं.

तीन काचा. आणि काच खाणारं आम्ल जगात एकच आहे असं आम्हाला शिकवलंय.

लग्नाआधी दोन वर्षं मी एका केमिकल कंपनीत होते. तिथे फर्स्ट एडच्या पेटीत एक वेगळी ट्यूब असायची, आणि आमचे सीनियर पहिल्याच दिवशी तिच्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "बाकीची अॅसिड कातडी भाजतात. काचेवालं अॅसिड कातडीला विचारतसुद्धा नाही. ते लागलं की ही ट्यूब, आणि नंतर पळा."

"वयनी, आज तुम्ही काम कधी सुरू केलंत?"

"साडेआठाला."

"ग्लोव्हज होते ना?"

"व्हते की." त्यांनी खिशातून काढून दाखवले.

उजव्या हाताच्या ग्लोव्हची दोन बोटं कापलेली होती. अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारचं.

कोळंबी सोलणाऱ्या बहुतेक बायका हे करतात. रबरातून काळा दोरा बोटाला लागत नाही, म्हणून टोकं कात्रीने उडवायची. नियमात बसत नाही. आम्ही महिन्यातून एकदा रागावतो आणि बाकीचे दिवस दुसरीकडे बघतो. वयनींनी सोलायचेच ग्लोव्हज घालून टेबलं घासली होती. दोन तास.

"नवे का नाही घेतलेत?"

"सौम्य लिवलंय ना," त्या म्हणाल्या. "त्याला कशाला नवे?"

मी त्यांचा हात हातात घेतला. गरम, जाड, मिठाने कडक झालेला हात. अंगठा बघितला, बोट बघितलं, नखांच्या कडा बघितल्या. काही नव्हतं. लाली नाही, फोड नाही, सूज नाही. "दुखतंय?" "नाय ओ." दाबलं. "आता?" "नाय."

मला त्या 'नाय'ची भीती वाटली. तसली भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

मी त्यांना नळाखाली हात धरून उभं केलं आणि सांगितलं, मी सांगेपर्यंत काढायचा नाही. बाकीच्या दोघींनाही कामावरून उठवलं. त्यांचे ग्लोव्हज शाबूत होते, तरी त्यांनाही नळावर लावलं. मग सप्लायरला फोन केला.

"त्या रस्ट रिमूव्हरमध्ये काय आहे?"

"मॅडम, सेफ आहे एकदम. खूप लोक नेतात."

"सेफ आहे का नाही ते विचारलं नाही. काय आहे?"

"आम्ही पावडर आणतो आणि पाण्यात कालवतो."

"पावडरचं नाव?"

"गोणीवर असेल. बघून सांगतो, होल्ड करा."

मी होल्ड केलं. हॉलमध्ये नळाच्या पाण्याचा आवाज, आणि मधेच तो थेंब. फोनमध्ये त्याची पावलं ऐकू येत होती, शटर वर गेल्याचं ऐकू आलं, गोणी सरकवल्याचं ऐकू आलं. मग तो एकेक अक्षर लावून वाचायला लागला. "अमो... अमोनियम... बाय... बायफ्लो..."

मी फोन ठेवला. पुढचं मला पाठ होतं. अमोनियम बायफ्लोराइड. पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं.

आमचे मॅनेजर माने साहेब कोल्हापूरकडचे. आवाज मोठा, मनाने वाईट नाही. मी गाडी मागितली तेव्हा ते हॉलमध्ये आले, वयनींचा हात उलटा-सुलटा करून बघितला.

"मॅडम, हाताला झालंय काय ते तरी दाखवा की."

"अजून काही दिसत नाही, साहेब. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"पण तुम्हीच पीएच तीन म्हणालात. दळवी सांगत होता, आगळापेक्षा बरं."

"बरोबर आहे. पीएच तीनच आहे."

"मग?"

मग काय ते मी त्यांना गाडीच्या दिशेने चालता चालता सांगितलं. तुम्हालाही तसंच सांगते. समजा, बंदरात शंभर खलाशांची एक होडी लागली. पीएच म्हणजे धक्क्यावर उतरलेल्या माणसांची मोजदाद. आम्ल पाण्यात गेलं की त्याचे कण फुटतात आणि आंबटपणाचा भाग मोकळा होतो, म्हणजे खलाशी धक्क्यावर उतरतात. तीव्र आम्ल म्हणजे सगळे शंभर एकदम उतरणार. सौम्य आम्ल म्हणजे दोन-तीन उतरणार, बाकीचे होडीतच बसून राहणार. होडी किती मोठी, हा तिसराच प्रश्न. तीव्र आम्लात भरपूर पाणी घातलं तरी पीएच तीन येतो, कारण होडीच छोटी. म्हणजे नुसता पीएच बघून आम्ल तीव्र की सौम्य हे ठरवता येत नाही, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ठरवलं. आणि दैवाची खोडी अशी की माझं उत्तर बरोबर निघालं. हायड्रोफ्लोरिक हे खरोखरच सौम्य आम्ल आहे. पुस्तकातल्या अर्थाने.

"ते होडीतले लोक काय करतात?" माने साहेबांनी विचारलं. तोपर्यंत त्यांचा आवाज खाली आला होता.

"कातडीतून आत जातात. न फुटलेल्या कणाला कातडी अडवत नाही. तीव्र आम्ल वरच भांडण करतं, जळतं, आपण ओरडून हात धुतो. हे सौम्य आहे म्हणूनच गुपचूप आत जातं. आत गेलं की उतरायला लागतं, आणि त्यातलं फ्लोराइड कॅल्शियमला धरतं. हाडात कॅल्शियम असतं. रक्तात असतं. हृदय त्याच्यावर चालतं."

माने साहेबांनी स्वतः गाडी काढली.

वयनी मागे माझ्याशेजारी बसल्या. हात ओल्या फडक्यात. त्यांना आमची गंमत वाटत होती. "उगाच धावपळ करताव मॅडम. काय सुदा झालेलं नाय," त्या दोनदा म्हणाल्या. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं मळभ. गाडीच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि माझं लक्ष सारखं त्या वाफेकडे जात होतं. मी हाताने ती पुसली. गेली. तरी पुन्हा बघितलं.

हॉस्पिटलमधल्या कॅज्युअल्टीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात नीट बघितला.

"इथे तर काहीच नाहीये. साधी लालीही नाही."

"म्हणूनच आणलंय, डॉक्टर. हायड्रोफ्लोरिक आहे. दोन तास लागत होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट हवंय. जेल असेल तर जेल, नसेल तर इंजेक्शनची अँप्युल जेलीत कालवून."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नातेवाईक औषधं सांगायला लागले की डॉक्टर जसं बघतात तसं. पण माणूस शहाणा. आडमुठेपणा न करता त्यांनी बाजूला जाऊन सीनियरना फोन लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. बोलता बोलता ते वळले, वयनींच्या हाताकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य त्यांनी फार हळू आवाजात विचारलं. फोन ठेवला आणि नर्सला म्हणाले, "आधी ईसीजी लावा. मॉनिटरवर ठेवा."

ईसीजीच्या वायरी लावत असताना वयनी एकदम गप्प झाल्या. इतका वेळ नर्सशी बोलत होत्या, तिचं गाव विचारत होत्या.

"मॅडम."

"काय झालं?"

"बोटात कोन तरी हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, दुसऱ्याचा हात असल्यासारख्या. बोट तसंच होतं. नितळ, स्वच्छ, नख जागेवर.

"आतून कुरतडतंय. हाडाला. काल रविवारी पन वायच ठणकलं व्हतं. म्हटलं हवेनं आसंल." मग त्यांनी ओठ आवळले. दोन बाळंतपणं घरी झालेली बाई ती. पाच मिनिटांत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि बोटावर अजून एक डागही नव्हता.

डॉक्टरांनी जेल कालवलं, एका नव्या ग्लोव्हमध्ये भरलं आणि तो ग्लोव्ह वयनींच्या हातात चढवला. अख्खा, पाचही बोटांचा. मग बोटांच्या टोकांना कॅल्शियमची बारीक इंजेक्शनं. मी म्हटलं, निदान बधिर तरी करा. डॉक्टर म्हणाले, "नाही करता येत. दुखणं थांबलं की औषध तिथपर्यंत पोचलं असं समजायचं. बधिर केलं तर मला कळणारच नाही." म्हणजे आता त्या दुखण्याकडेच बघत बसायचं होतं. मीटर म्हणून आमच्याकडे फक्त वयनी होत्या.

डॉक्टर दर थोड्या वेळाने विचारायचे, "आता?" आणि वयनी मान हलवायच्या. हाच प्रश्न सकाळी मी विचारला होता, तेव्हा 'नाय' ऐकून घाबरले होते. आता तेच 'नाय' ऐकायला मी देव पाण्यात घालून बसले होते.

दुपारी अडीचच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "आता नाय."

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि रडले. सरळ सांगते. माने साहेबांनी चहा आणून दिला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

वयनींना दोन दिवस ठेवून घेतलं. रक्तातलं कॅल्शियम थोडं उतरलं होतं, ते सलाइनमधून भरून काढलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर बोटं राहिली असती का ते सांगता येत नाही, आणि हे द्रव जास्त अंगावर सांडलं असतं तर प्रश्न बोटांचा राहिला नसता. डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. डाव्या भिंगावरचा तो ओघळ कुठे गेला असता, ते मला विचारायचं नव्हतं.

मंगळवारी मी प्लांटमध्ये गेले तर माने साहेब हातात थिनरचं फडकं घेऊन कॅनजवळ उभे.

"फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील," ते म्हणाले. "तेवढं अक्षर पुसून टाकूया का? लेबल नव्हतं म्हणून सांगू. तुमच्यावर येऊ नये, एवढंच."

त्यांनी माझ्यासाठीच विचारलं होतं. आणि मला मोह झाला नाही असं नाही. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"राहू द्या, साहेब," मी म्हणाले.

रिपोर्ट मीच लिहिला. कॅनवरील मजकूर: सौम्य आम्ल, पीएच ३. मजकूर लिहिणारी व्यक्ती: खाली माझं नाव. एमएसडीएस न बघता वापराला परवानगी देणारी व्यक्ती: पुन्हा माझं नाव. मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती. कॅन सीलबंद होऊन गेला, आणि आमच्या फर्स्ट एडच्या पेटीत आता ती ट्यूब असते.

मंगळवारीच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये वयनींकडे गेले. हात पट्टीत, उशीवर ठेवलेला. मी माफी मागितली. कसं बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण अर्धंच आलं. सौम्य म्हणजे गरीब, निरुपद्रवी असं नव्हतं हो म्हणायचं, ते पुस्तकातलं नाव आहे, असं काहीतरी बोलले.

त्यांनी ऐकून घेतलं.

"दळवीनं लिवलं आसतं तर मी नवे ग्लोव्हज घातले आसते," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर व्हतं, मॅडम."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

अंगठ्याचं आणि बोटाचं नख गेलं, नंतर नवं आलं, जरा वाकडं. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, कॉम्प्रेसर सुरू झाले, आणि वयनी आपल्या टेबलावर परत आल्या. पहिल्या दिवशी मी लांबून बघत होते. कोळंबी हातात घेतली, अंगठ्याशेजारचं बोट पाठीवरून फिरवलं, थांबल्या. पुन्हा फिरवलं. मग कोळंबी उजेडाकडे धरून नव्या चष्म्यातून बघितली आणि काळा दोरा शोधून काढला. आता त्या मधल्या बोटाने काम करायला शिकल्यात. पहिल्यापेक्षा हळू होतं. बोलून दाखवत नाहीत.

पीएच हा चांगला आकडा आहे. मी तो रोज काढते. धक्क्यावर किती उतरलेत ते तो खरं सांगतो. होडीत कोण बसलंय ते त्याला विचारायचं नसतं, ते कागद मागवून वाचायचं असतं. आणि पुस्तकातला शब्द पुस्तकाबाहेर लिहिताना तो बाहेर काय म्हणून वाचला जाईल, हे आधी शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारायचं असतं.

गेल्या महिन्यात फरशी धुण्याच्या साबणाचा नवा कॅन आला. साधा साबण. एमएसडीएस आला, वाचला, मग मार्कर घेऊन मी कॅनवर लिहायला बसले. नाव, कशासाठी, अंगाला लागलं तर काय करायचं. वयनी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा सारखा करून एकेक अक्षर लावत सगळं वाचलं.

"कडक हाय का सौम्य, ते नाय लिवलंत?"

"नाही लिहिलं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि कपाटातून नव्या ग्लोव्हजची जोडी काढून आधी उजवा घातला, मग डावा.